गाठीतले शिपाई मोजून काय कळते?

गेल्या उन्हाळ्यात नागपुरात शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही रोगप्रतिकारशक्तीवर बोललो. बोलणे संपल्यावर एक शिक्षिका थांबून राहिल्या. त्यांच्या हातात धाकट्या भावाचा तपासणी-अहवाल होता. भावाच्या मोठ्या आतड्यातली गाठ शस्त्रक्रियेने काढली होती. अहवालात इतर बऱ्याच ओळींबरोबर एक ओळ अशी होती, की गाठीच्या कडेला लिंफोसाइट पेशी मध्यम प्रमाणात आहेत. "सर, मी पंधरा वर्षे मुलांना शिकवते आहे, की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. शिपाई गाठीपाशी पोचले होते, तर मग गाठ वाढली कशी? आणि मध्यम आहेत, तर जास्त करायला काय द्यायचे? शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. औषधाच्या दुकानात तर इम्युनिटी वाढवणाऱ्या बाटल्यांची रांगच आहे."

प्रश्न साधे होते, उत्तरे साधी नव्हती. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथेच दिले: उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका, आणि काढ्यापायी केमोथेरपीची तारीख चुकवू नका. उरलेल्या प्रश्नांसाठी हा लेख आहे. यात एक कल्पना तपासायची आहे. ती पाठ्यपुस्तकातून वर्गात, वर्गातून घरात आणि घरातून दुकानात गेली आहे. संशोधकांच्या लेखनातही ती अधूनमधून डोकावते. कल्पना अशी, की शरीरात प्रतिकारपेशींची फौज असते, कर्करोग हा शत्रू असतो, आणि फौज जितकी मोठी तितका विजय पक्का. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ही कल्पना घासून पाहिली, तर तिच्यात सोने किती आणि पितळ किती हे चांगले कळते. कारण गाठीतल्या प्रतिकारपेशींची मोजणी या रोगात जितक्या चिकाटीने झाली, तितकी फार थोड्या रोगांत झाली आहे.

मोजणीची कथा

गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी १८६३ सालीच सांगितले. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष आपल्या कल्पनेच्या अगदी उलट होता. जिथे दाह दीर्घकाळ चालतो तिथे कर्करोग उगवतो, असे त्यांचे मत होते. म्हणजे या पेशी त्यांच्या लेखी कर्करोगाच्या उगमाची खूण होत्या, प्रतिकाराची नव्हे. पाहिलेली गोष्ट एकच, अर्थ मात्र दोन. हा पेच पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९३२ साली लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगाची वर्गवारी केली. गाठ भिंतीत किती खोल गेली, आणि जवळच्या लसिका ग्रंथींत पोचली का, हे त्यांचे मुख्य प्रश्न होते. आजची अवस्था ठरवण्याची पद्धतही याच पायावर उभी आहे. तिच्यात एक उणीव होती. एकाच अवस्थेतल्या दोन रुग्णांपैकी एकाचा रोग वर्षभरात उलटतो आणि दुसरा वीस वर्षे ठणठणीत राहतो, असे का, ते या पद्धतीला सांगता येत नव्हते. १९८७ साली जेरेमी जॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वर्गवारी मांडली. तिच्यात गाठीच्या कडेला लिंफोसाइटांची दाटी आहे का, हा प्रश्न पहिल्यांदाच मानाने आला. ज्यांच्या गाठीला अशी किनार होती, त्यांचे बरे चालत असे.

२००६ साली पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने हाच धागा पुढे नेला. त्यांनी 'पेशी किती' एवढ्यावर न थांबता 'कोणत्या' आणि 'कुठे' हेही विचारले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे लिंफोसाइट सारखेच दिसतात: गोल, गडद, लहान. पण त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिने वेगवेगळी असतात, आणि त्या प्रथिनांना चिकटणारी रंगीत प्रतिपिंडे वापरली, की जाती ओळखू येतात. सीडी३ हे प्रथिन सर्व टी-पेशींवर असते. सीडी८ हे मुख्यतः मारक टी-पेशींवर. या दोन जाती गाठीच्या मध्यात आणि कडेला, अशा दोन ठिकाणी मोजायच्या, आणि चार आकड्यांवरून एक गुणांक काढायचा. याला इम्युनोस्कोअर म्हणतात. २०१८ साली १३ देशांतल्या १४ केंद्रांनी २,६८१ रुग्णांवर तो पडताळून पाहिला. त्यांत आपल्या शेजारच्या अहमदाबादचे गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होते.

आकडा काय म्हणतो, काय म्हणत नाही

या अभ्यासाचे आधी कौतुक केले पाहिजे. मोजणीची रीत आधी ठरवली होती, मोजणी संगणकाने केली होती, आणि एका गटात मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र गटांत तपासला होता. पहिल्या गटात पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण गुणांक जास्त असलेल्यांत ८ टक्के, मध्यम असलेल्यांत १९ टक्के आणि कमी असलेल्यांत ३२ टक्के निघाले. फरक लहान नाही. तेव्हा गाठीतल्या टी-पेशींना अर्थ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. फौजेच्या कल्पनेतले सोने ते एवढे.

आता हेच आकडे उलटे वाचून पाहू. गुणांक जास्त असूनही शंभरांतल्या आठांचा रोग परत आला. गुणांक कमी असूनही शंभरांतल्या अडुसष्टांचा आला नाही. हा आकडा शंभर माणसांच्या समूहाबद्दल बोलतो. समोर बसलेल्या एका माणसाचे भविष्य तो सांगत नाही. शाळेच्या निकालावरून एका मुलाचे गुण सांगता येत नाहीत, तसेच हे आहे. शिवाय त्या शिक्षिकांच्या हातातला 'मध्यम' हा शब्द इम्युनोस्कोअरचा नव्हताच. तो एका तज्ज्ञाने नजरेने घेतलेला अंदाज होता. दोन्हींना एकच शब्द वापरला म्हणून वस्तू एक होत नाही.

नजरेच्या अंदाजाबद्दल आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. पीएच.डी.च्या दिवसांत आम्ही अशीच मोजणी करत होतो. एकच काच आम्ही आणि आमच्या मित्राने वेगवेगळी मोजली, तर आकडे जुळेनात. कारण शोधता लक्षात आले, की आमची नजर आपोआप जिथे पेशींची दाटी असे तिथेच स्थिरावत होती. दाट जागा 'चांगली' वाटे, विरळ जागा आम्ही नकळत सोडून देत होतो. पंधरा दिवसांचे काम फेकून द्यावे लागले. तेव्हापासून 'पेशी जास्त होत्या' असे कुणी लिहिले, की आमचा पहिला प्रश्न असतो: काचेवरच्या कोणत्या जागा मोजल्या, आणि त्या कुणी निवडल्या?

तिसरा आक्षेप सर्वांत मोलाचा आहे. दोन गोष्टी बरोबर दिसतात, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. टी-पेशींनी गाठीला रोखले म्हणून रुग्ण बरा राहिला असेल. किंवा ती गाठ मुळातच अशा जातीची असेल, की तिच्याकडे टी-पेशीही खेचल्या जातात आणि ती पसरतेही कमी. मोजणीचा आकडा या दोन शक्यता वेगळ्या करू शकत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो, म्हणजे एका बाजूला हात लावून दुसरी बदलते का ते पाहावे लागते.

अधिक ते चांगले?

फौज मोठी असणे चांगलेच, हा तर फौजेच्या कल्पनेचा गाभा. पण आतड्याचे उदाहरण इथेच तिला अडवते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या रोगात मोठ्या आतड्याच्या अस्तरात प्रतिकारपेशींची गर्दी वर्षानुवर्षे असते, आणि अशा रुग्णांत आतड्याच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. फिर्खो यांचे म्हणणे अगदीच वाया गेलेले नाही.

दुसरे उदाहरण आणखी गमतीचे आहे. टी-पेशींची एक जात इतर टी-पेशींना आवरते. तिला नियामक टी-पेशी म्हणतात. फौजेच्या हिशेबाने ही जात गाठीत असणे वाईट, आणि अनेक अवयवांच्या कर्करोगांत तसे आढळलेही आहे. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अनेक अभ्यासांत उलटे आढळले: २००९ सालच्या एका मोठ्या अभ्यासात गाठीत या पेशी अधिक असलेले रुग्ण अधिक जगले. आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. त्यांच्यामुळे पेटणारा दाह या पेशी आवरत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. स्पष्टीकरण बरोबर असो वा नसो, शिपाई हा शब्द इथे उपयोगी पडत नाही एवढे खरे. एकच पेशी यकृतात एक काम करते, आतड्यात दुसरे, आणि दाह चालू असताना तिसरेच.

शत्रूचा गणवेश

फौजेच्या चित्रात आणखी एक गोष्ट गृहीत असते. शत्रूच्या अंगावर वेगळा गणवेश असतो, आणि शिपाई तो ओळखतो. प्रतिकारशास्त्रात या खुणेला प्रतिजन म्हणतात. जीवाणूंच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी ठीक आहे. पण कर्करोगाची पेशी परदेशातून आलेली नसते, ती आपलीच असते. तिच्या अंगावर वेगळे असे काय असणार?

१९६५ साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या गाठींत एक प्रथिन सापडले. ते गर्भाच्या आतड्यात होते, प्रौढांच्या निरोगी आतड्यात मात्र दिसले नाही. कर्करोगाचा गणवेश सापडला, अशी तेव्हा मोठी आशा वाटली. त्याला सीईए म्हणतात. पुढे चाचण्या अधिक सूक्ष्म झाल्या, तेव्हा ते निरोगी आतड्यातही थोडेफार असतेच असे आढळले; धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि यकृताच्या रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेले असू शकते. खरा फरक असण्या-नसण्याचा नव्हता, जागेचा होता. निरोगी पेशीत सीईए आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूलाच असते आणि मलाबरोबर वाहून जाते. गाठीतल्या पेशींची दिशाच बिघडते, मग ते सर्व बाजूंनी येते आणि रक्तात उतरते. म्हणून आज सीईएची रक्तचाचणी शस्त्रक्रियेनंतर रोग परत येतो का हे पाहण्यासाठी उपयोगी पडते. निरोगी माणसात कर्करोग शोधून काढण्यासाठी नाही.

गणवेशावर विसंबून केलेल्या दोन उपचारांची गोष्ट शिक्षकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. पहिली जर्मनीतली. आतड्याच्या पेशींवरच्या एका प्रथिनाला चिकटणारे १७-१ए नावाचे प्रतिपिंड शस्त्रक्रियेनंतर दिले, तर मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असे १९९४ साली १८९ रुग्णांवरच्या चाचणीतून जाहीर झाले. जर्मनीत औषधाला परवानगीही मिळाली. २००२ साली २,७६१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: केमोथेरपीला या प्रतिपिंडाची जोड देऊन अधिक फायदा झाला नाही, आणि केवळ प्रतिपिंड घेणारे केमोथेरपी घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले. आधीच्या संशोधकांनी लबाडी केली नव्हती. १८९ ही संख्या लहान होती, आणि तुलना केवळ शस्त्रक्रियेशी होती, एवढेच.

दुसरी अमेरिकेतली, २०११ सालची. तीन रुग्णांच्या टी-पेशी बाहेर काढून त्या सीईए ओळखतील अशा बदलल्या आणि परत शरीरात सोडल्या. रक्तातले सीईए तिघांतही उतरले, एकाच्या गाठी काही काळ लहानही झाल्या. पण तिघांनाही आतड्याचा तीव्र दाह झाला. कारण निरोगी आतड्यावरही तीच खूण होती. फौज बलवान होती, हुकूम पाळणारीही होती. तिने घरच जाळायला घेतले.

यात अजून एक मेख आहे. टी-पेशीला अखंड प्रथिन दिसत नाही. पेशीच्या आत प्रथिनाचे तुकडे होतात, ते एचएलए नावाच्या रेणूंच्या खोबणीत बसून पृष्ठभागावर येतात, आणि टी-पेशी तो तुकडा वाचते. गाठीतल्या पेशींनी एचएलए रेणू बनवणेच सोडले, तर आत प्रतिजन कितीही असो, मारक टी-पेशीला तो दिसत नाही. आणि तपासणाऱ्या माणसालाही प्रतिजन फसवतो. ऊती फॉर्मालिनमध्ये ठेवली, की प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि रंगीत प्रतिपिंड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काच तापवून ही जखडण सोडवण्याची युक्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे कितीतरी 'नसलेली' प्रथिने दिसू लागली. उलट, नागपूरच्या मे महिन्यात काढलेला तुकडा फॉर्मालिनविना तसाच राहिला, तर असलेली प्रथिनेही नासतात. 'प्रतिजन नाही' या वाक्याचा अर्थ कधी कधी 'आम्हाला दिसला नाही' एवढाच असतो.

हात लावून पाहिले तेव्हा

वर म्हटले, की कारण कळण्यासाठी प्रयोग लागतो. तो झाला आहे. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. तो सोडवणारे औषध २०१५ सालच्या एका चाचणीत आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना दिले. एका गटातल्या १० पैकी ४ जणांच्या गाठी आकसल्या. दुसऱ्या गटातल्या १८ पैकी एकाच्याही नाही. औषध एकच, अवयव एकच. फरक गाठींच्या जातीत होता.

डीएनएची नक्कल होताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीत असते. आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही यंत्रणा बिघडलेली असते. मग चुका हजारोंनी साठतात, त्यांतून विचित्र प्रथिने बनतात, आणि त्यांचे तुकडे टी-पेशींना खरोखरच परके दिसतात. अशा गाठींत टी-पेशींची दाटी असते, पण त्यांचा ब्रेक दाबलेला असतो. तो सुटला, की त्या काम करतात. पहिल्या गटातल्या गाठी या जातीच्या होत्या. २०२२ साली गुदाशयाच्या याच जातीच्या कर्करोगात १२ पैकी १२ रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेविना दिसेनाशी झाली. बातम्यांत 'कर्करोगावर औषध सापडले' असे झळकले. ती जात गुदाशयाच्या कर्करोगांत थोड्यांचीच असते, हे मथळ्यात मावले नाही.

तेव्हा शिक्षिकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे: शिपाई पोचले म्हणजे लढले असे नव्हे. ते कोणत्या जातीचे, गाठीच्या आत की कडेला, त्यांना खूण दिसते का, आणि त्यांचा ब्रेक मोकळा आहे का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय संख्येला अर्थ नाही. दुसऱ्याचे उत्तरही त्यातच आहे. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी एक राशी नाही. तिची पातळी काढ्याने वर चढवता येत नाही. गुळवेल निरुपद्रवी, असेही धरून चालू नये. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या यकृतावर हा वाद सोडवू नये.

आपल्या घरचा हिशेब

नागपूरची कर्करोग नोंदणी १९८० पासून चालू आहे. खर्ऱ्याच्या या मुलखात तोंडाच्या कर्करोगाची चर्चा अधिक होते, आणि ते योग्यच आहे. आतड्याचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी. पण तो होतो तेव्हा वेगळा होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१७ साली ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ४७ होते. पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. मुद्रिकेसारख्या दिसणाऱ्या पेशींची आक्रमक जात १३ टक्क्यांत होती. तिकडे ती एक टक्क्याच्या आसपास आढळते. अहमदाबाद सोडले, तर पॅरिसमध्ये जन्मलेला गुणांक आपल्या रुग्णांवर फारसा तपासलेला नाही. तो तसाच उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे.

पण एक तपासणी अशी आहे, की जिचा उपयोग आजच होतो. डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने गाठीत आहेत का, हे रंगवून पाहता येते, आणि आपल्याकडच्या मोठ्या प्रयोगशाळांत ते होते. रुग्ण तरुण असेल, तर ही तपासणी आणखी महत्त्वाची. कारण हा बिघाड कधी कधी वंशातून आलेला असतो, आणि तसे असेल तर सख्ख्या भावंडांतही तो असण्याची शक्यता निम्मी असते. त्यांनी वेळेवर दुर्बिणीने आतडे तपासून घेतले, तर कर्करोग होण्याआधीच त्याचे मूळ काढता येते. त्या शिक्षिकांना आम्ही पत्र लिहून हेच कळवले: लिंफोसाइट वाढवायचे कसे, हे विचारू नका, चार प्रथिनांची तपासणी झाली का, हे विचारा. प्रश्न भावासाठी होता, पण उत्तर त्यांच्याही उपयोगाचे होते.

शाळेत शिपायांचे चित्र टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. पाचवीच्या मुलाला सुरुवात करायला ते बरे आहे. नववी-दहावीत मात्र ते चित्र मुलांसमोर तपासायला ठेवा. आलेखाच्या कागदावर मूठभर ज्वारी पसरा, तिच्यात थोडी तुरीची डाळ मिसळा, आणि दोन मुलांना दहा-दहा चौकोनांतली डाळ मोजायला सांगा. एकाला चौकोन आवडतील ते निवडू द्या, दुसऱ्याला चिठ्ठ्या टाकून. मग सगळी डाळ मोजा आणि कुणाचा अंदाज जवळ आला ते फळ्यावर लिहा. एका तासाचे काम आहे. त्यानंतर 'इम्युनिटी तिपटीने वाढते' असे बाटलीवर वाचले, तर ती मुले विचारतील, 'काय मोजले, कुठे मोजले, आणि कुणी मोजले?'